पायात चपला घालून धरलेला दाणा

मला मधुमेह आहे हे कळल्यावर माणसं आधी हसतात आणि मग चेहरा गंभीर करतात. साखर कारखान्यात एकतीस वर्षं साखर शिजवली आणि शेवटी साखरेचाच आजार झाला, हा विनोद मला इतक्या जणांनी ऐकवला आहे की आता कुणी सुरुवात केली की उरलेला मीच पुरा करून टाकतो. लोकांना वाटतं, हा गडी दिवसभर ओंजळीनं साखर खात असणार. खरं म्हणजे पॅनवरच्या माणसाला साखरेचा वास नको होतो. आजार माझ्या वडिलांना होता, चुलत्यालाही होता. कारखान्यावर त्याचा आळ घेण्यात अर्थ नाही.

मी पॅनमन होतो. हे काय काम असतं ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. उसाचा रस गाळून, आटवून त्याचं सिरप होतं, काकवीपेक्षा जरा पातळ. ते सिरप पॅनमध्ये येतं. पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं बंद भांडं. त्यातली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे सिरप कमी तापमानावर उकळतं आणि करपत नाही. पॅनमन लोखंडी प्लेटांच्या मजल्यावर उभा राहून काचेतून आत बघत असतो. पॅनच्या पोटात एक पितळी दांडा घालून तो मधून मधून चमचाभर नमुना बाहेर काढतो, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून तार बघतो, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यापुढे धरतो. बरोबर तार सुटली की त्या क्षणी आत साखरेची पिठासारखी पूड सोडायची. दोन-तीन मिनिटं काही होत नाही. मग काचेवर, जिथं आत्ता नुसता तपकिरी चिकटपणा होता, तिथं एकाएकी बारीक ठिपके चमकायला लागतात. याला आम्ही दाणा धरला म्हणतो.

एकतीस वर्षांत मी किती वेळा दाणा धरला त्याची मोजदाद नाही. पण एकदाही मला त्याचं नवल वाटलं नाही असं झालं नाही. पातळ रसात, कुणी हात न लावता, हजारो दाणे एकदम आणि सगळे चौकोनी धारेचे! माझा उस्ताद, ज्याच्या हाताखाली मी शिकलो, तो तर त्या वेळी चप्पल काढून ठेवायचा. मी पहिल्या दिवशी तसाच चपला घालून पॅनजवळ गेलो तर त्यानं मला तिथंच थांबवलं.

"काढ बे चपला," तो म्हणाला. "दाणा जल्माला येतो हितं. बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून जातो का तू?"

तेव्हापासून दाणा धरायच्या वेळी पॅनमननं अनवाणी राहायचं हा आमच्या कारखान्यातला रिवाज झाला. कुठल्या नियमात तो लिहिलेला नव्हता, उलट सेफ्टीवाल्या साहेबांनी त्यावर दोनदा नोटीस लावली होती. नोटीस आम्ही वाचली आणि चपला काढत राहिलो.

माझ्या पायांची आग सुरू झाली ती नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत. आधी तळव्यांना मुंग्या, मग रात्री अंथरुणावर पडलं की निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं व्हायचं. पांघरुणाचा स्पर्श सहन होईना. चालताना बरं वाटायचं, बसलो की पुन्हा सुरू. सलग दोन वर्षं पाऊस न झालेला तो काळ. कॉलनीत पाण्याचा टँकर चार दिवसांनी यायचा. मी ड्यूटीवरून आलो की बादलीभर पाण्यात पाय बुडवून बसायचो आणि सुमन, माझी बायको, तोंडानं काही न बोलता ते पाणी उचलून लिंबाच्या झाडाला घालायची. एक दिवस मात्र तिच्यानं राहवलं नाही.

"आवं, त्या लिंबाला तुमच्या पायाचं पाणी पाजून पाजून त्येची बी आग व्हायला लागली आसंल," ती म्हणाली. "बीडला जाऊन दावा की कुनाला तरी. कावून आंगावर काढायलात?"

तिनंच मला एसटीत बसवलं. बीडच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी तळव्याला बारीक दोरा टेकवून विचारलं, "काका, कळतंय का?" मी डोळे मिटून बसलो होतो. कुठल्या वेळी टेकवला आणि कुठल्या वेळी नाही, ते मला सांगता येईना. त्या म्हणाल्या की साखरेनं नसा खराब होतात, आणि खराब झालेली नस काहीच नसताना आग झाल्याची खबर देते. रात्री घ्यायची एक गोळी दिली, आणि पायाला लावायला मलम. मलम कशाचं विचारलं तर म्हणाल्या, मिरचीतल्या तिखटाचं. मला वाटलं माझी थट्टा चालली आहे.

गोळीनं आग कमी झाली यात शंका नाही. पहिल्या रात्री मी किती तरी महिन्यांनी सलग झोपलो. पण ती झोप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगातून जाईना. चौथ्या दिवशी दुपारी मी पॅनवर उभा होतो, दाणा धरलेला होता, आणि आता त्याला थोडं थोडं सिरप पाजत मोठं करायचं होतं. मी काचेतून बघत होतो. बघता बघता डोळे उघडे ठेवूनच मी कुठं तरी गेलो. किती वेळ, सांगता येत नाही, पाच मिनिटं, दहा मिनिटं. भानावर येऊन नमुना काढला तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये धुळीसारखा बारीक दाणा पडला होता. त्याला खोटा दाणा म्हणतात. सिरप वेळेवर दिलं नाही की माल घट्ट होतो आणि जागोजाग नको तिथं नवा दाणा पडतो. मग मळी वेगळी काढणाऱ्या मशीनवर साखर सुटी होत नाही, राखाडी गोळे पडतात. माझ्या हातून असा खोटा दाणा शिकाऊ असताना पडला होता, त्यानंतर कधीच नाही.

चीफ केमिस्ट पाटणकर साहेब वर आले. शांत माणूस. त्यांनी काचेची पट्टी दिव्यापुढे धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिंबाजीराव, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी सोडून तो खोटा दाणा विरघळवायला पुढची सगळी पाळी गेली.

मला लागलं ते वेगळंच. त्या वर्षी ऊस होता कुठं? आमच्या सभासदांनी अर्धा ऊस जनावरांच्या छावणीला चारा म्हणून देऊन टाकला होता. उरलेला ऊस चौसाळ्याकडच्या, केजकडच्या माणसांनी कसा जगवला होता ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोटारीला पाणी लागेना तेव्हा बायका कळशीनं बुडख्याशी पाणी ओतत होत्या. तो ऊस आमच्यापर्यंत आला आणि मी त्याच्या रसात झोपा काढल्या. घरी जाऊन मी गोळ्यांची पट्टी फळीवरच्या डब्यामागे टाकून दिली. मॅडमना मात्र कळवलं नाही. ही चूक माझी, आणि ती मी आजही कबूल करतो. गोळी बंद करायची होती तर त्यांना विचारून करायला पाहिजे होती.

मग राहिलं मलम. ते लावल्यावर पहिले दोन आठवडे आग उलट वाढते आणि नंतर हळूहळू ओसरते. आगीवर मिरची हा उपाय कुणाच्या डोक्यात प्रथम आला असेल त्याला माझा नमस्कार. मी ते स्वतःच लावायचो. एका सकाळी लावलं, साबणानं तीनदा हात धुतले आणि ड्यूटीवर गेलो. पॅनवर घाम आला, सवयीनं बोटानं डोळा पुसला. पुढची पंधरा मिनिटं मी नळाशी होतो. दोन्ही डोळ्यांतून धारा. नेमके पाटणकर साहेब आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ऊस संपत आला म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका, लिंबाजीराव. पुढच्या वर्षी पाऊस होईल." मीही मान हलवली. त्यांना मिरचीचं सांगायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून मलम लावायचं काम सुमननं घेतलं. दुधाची रिकामी पिशवी धुऊन ती हातात घालायची आणि पाय मांडीवर घेऊन एकेक बोट करून लावायची. माझी आई गेल्यापासून माझे पाय कुणी असे हातात घेतले नव्हते. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. तिला माझ्या तळव्यांवरची प्रत्येक भेग पाठ झाली होती, हे पुढं कामाला आलं.

जानेवारी सरत आला होता. सकाळच्या पाळीत दाणा धरायचा होता. मी रिवाजाप्रमाणे चपला काढून कडेला ठेवल्या आणि पॅनपुढे उभा राहिलो. दाणा असा सुंदर धरला की पाटणकर साहेबांनी पट्टी शेजारच्या पॅनवाल्याला नेऊन दाखवली. मी तासभर जागचा हललो नव्हतो. त्या दिवशी पायांची आगही जाणवत नव्हती, म्हणून मी खूष होतो. पायांखाली थोडं ओलं आहे एवढं दिसलं होतं. वरच्या वाफेच्या व्हॉल्व्हची पॅकिंग गेली होती आणि तिथून पाणी ठिबकत होतं. दुसरा पॅनवाला सहज माझ्याजवळ आला, त्याचा पाय त्या पाण्यात पडला आणि तो ओरडून मागं उडाला. "लिंबाजीमामा! कढत पानी हाय की हे!"

मी खाली बघितलं. पाणी कढत होतं आणि मी त्यात उभा होतो. मला वाटलं, माझी कातडी निबर झाली असेल. पाय पुसून चपला घातल्या आणि पाळी पुरी केली.

घरी सुमननं पाय मांडीवर घेतला आणि तिचा हात थांबला. तळव्याच्या कडेला लिंबाएवढा फोड आला होता, एका जागी कातडी सुटून आली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"हे दुखंना तुमाला?"

"नाही."

"आन् रात्री नुसतं पांघरूण लागलं तर वरडता!"

आजही मला यासारखी अजब गोष्ट दुसरी माहीत नाही. जिथं विस्तव नव्हता तिथं माझा पाय महिनोन् महिने जळत होता, आणि जिथं खरोखर भाजलं तिथं त्यानं एका शब्दानं मला कळवलं नाही. आयुष्यभर मी पाय हे मुकाट चालणारं जनावर समजत होतो. ते इतकं काही सांगत असतं आणि एक दिवस चुकीचं सांगायला लागतं, हे मला इतकी वर्षं त्याच्यावर पासष्ट किलोचा देह वागवूनही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून भ्यालो.

बीडला मॅडमनी जखम पाहिली, साफ केली आणि मग गोळ्यांचं विचारलं. मी खरं सांगितलं. त्या चिडल्या. "काका, गोळी नको असेल तर नको म्हणा. पण मला सांगून. मी इथं कशाला बसले आहे?"

मग मी त्यांना खोट्या दाण्याची गोष्ट सांगितली. बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवून ऐकली. तार कशी बघता, पूड कधी सोडता, सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. पाय बरा होईपर्यंत ड्यूटी बंद. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत झोप येणारी गोळी नको. मलम, साखर काबूत, रोज चालणं, एवढ्यावर बघू. जखम भरल्याशिवाय त्या पायाला मलमही नको. पण एक लक्षात ठेवा. गोळी काय, मलम काय, त्यानं दुखणं कमी होतं. गेलेली जाणीव परत येत नाही. तुमच्या पायांना आता दिसत नाही. तेव्हा तुम्ही रोज पायांकडे बघायचं. पाण्यात बुडवायचे नाहीत. आणि अनवाणी एक पाऊलही नाही. देवळात नाही, घरात नाही, तुमच्या त्या पॅनपुढेही नाही. पुढच्या वेळी मी पाय वाचवू शकेन असं नाही."

उठता उठता त्यांनी विचारलं, "हातांना मुंग्या येतात का?"

"नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. दिवाळीपासून अंगठ्याशेजारची दोन बोटं झोपल्यासारखी वाटत होती. शर्टाची गुंडी लावताना ती हातात आहे का नाही, ते बघून खात्री करावी लागायची. पण पॅनमनची बोटं गेली हे एकदा कागदावर आलं की तो पॅनमन राहत नाही. पायांचं सांगितलं, हातांचं लपवलं. सुमन शेजारी बसली होती. परतीच्या एसटीत तिनं तिकिटाचे सुटे पैसे माझ्या हातात न देता स्वतःच कंडक्टरकडून मोजून घेतले.

पाय भरून यायला पाच आठवडे लागले. तोवर कारखान्याचाच हंगाम आटोपत आला होता. पुढचं इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी ते सांगत बसायला नको. पुढच्या वर्षी ऊसच नव्हता आणि कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. मी निवृत्ती घेतली. मग मॅडमकडे जाऊन हातांचं खरं सांगितलं आणि त्यांनी दिली ती गोळी मुकाट्यानं घ्यायला लागलो. आता मी झोपलो तरी कुणाचा दाणा बिघडत नाही. पाय दोन्ही शाबूत आहेत. रोज सकाळी सुमन आरसा धरते आणि आम्ही दोघं मिळून माझे तळवे वाचतो.

पण सांगायचं आहे ते पट्टा पडला त्या दिवसाचं. पट्टा पडणं म्हणजे हंगामाचा शेवट, शेवटचा ऊस गव्हाणीत गेला की ऊस ओढून नेणारा पट्टा रिकामा फिरतो आणि बंद होतो. त्या दिवशी सत्यनारायण असतो आणि घरच्या माणसांना आत यायची मुभा असते. एकतीस वर्षांत सुमन कधी आली नव्हती. तिला कारखान्याचा आवाज सहन होत नाही. त्या दिवशी ती आपणहून आली, पूजेचा प्रसाद हातात घेऊन जिने चढून थेट पॅनवर.

शेवटच्या सिरपचा शेवटचा पॅन होता. पाटणकर साहेब उभे होते, कारण त्यानंतर काही उरणार नव्हतं. खोटा दाणा पडला तर विरघळवायला पुढची पाळी नव्हती, वाफही नव्हती, बॉयलर विझत आला होता. पायात माझ्या मॅडमनी सांगितलेले बंद बूट. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी दाणा धरायला पायात काही घालून उभा होतो आणि मनातल्या मनात उस्तादाची माफी मागत होतो. सुमननं वर आल्या आल्या आपल्या चपला काढल्या. मला न विचारता, देवापुढं काढतात तशा.

"घाल," मी म्हणालो. "प्लेट तापलेली आहे."

तिनं घातल्या.

मी दांडा घातला, नमुना काढला आणि चिमटीत धरला. काहीच कळेना. ओलं आहे एवढं कळत होतं. चिकट किती, तार सुटते का तुटते, बोटं काही सांगेनात. डोळ्यांनी तार दिसत होती, पण एकतीस वर्षं डोळ्यांनी जे सांगितलं त्यावर बोटांनी शिक्का मारल्याशिवाय मी पूड सोडली नव्हती. काचेतलं उकळणं मंद होत होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. गेलेला क्षण परत येत नाही, हे इथं शब्दशः खरं असतं.

मी पुन्हा नमुना काढला आणि तो दांडा सुमनपुढं धरला.

"जरा बघ बरं," मी म्हणालो. "जपून, गरम आहे."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. सुमननं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिनं फुंकर घातली, दोन बोटांच्या चिमटीत तो थेंब घेतला, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. आयुष्यभर दिवाळीच्या लाडवाचा पाक तिनं असाच बघितला होता आणि एकदाही तिचा लाडू फसला नव्हता.

"आजून न्हाई," ती म्हणाली. "तार तुटायली."

मी थांबलो. साहेबही थांबले. त्यांनी मला अडवलं नाही, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मिनिटभरानं पुन्हा दांडा काढला. तिनं पुन्हा चिमटीत घेतलं.

"न्हाई."

तिसऱ्या वेळी तिच्या बोटांमध्ये सोनेरी तार मला लांबूनही दिसली. ती तुटेपर्यंत सुमन थांबली नाही.

"आता," ती म्हणाली. "सोडा काय सोडायचं ते."

मी पूड सोडली. दोन मिनिटं गेली, तीन मिनिटं गेली. मी पट्टीवर नमुना घेऊन दिव्यापुढे धरला आणि तिला जवळ बोलावलं. आधी नुसता तपकिरी चिकटपणा. मग एक ठिपका चमकला, मग दुसरा, मग सगळी पट्टी एकदम भरून आली. सगळीकडं एकसारखा दाणा, एकही खोटा नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. या वेळी मिरची नव्हती.

सुमन बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिनं बोटं पदराला पुसली आणि माझ्याकडे वळली.

"एवढंच व्हतं व्हय तुमचं काम?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो.